बाजारातल्या बायकांनी राजाला गादी सोडायला लावली, त्याची गोष्ट

गोष्ट आहे १९४७ सालची. नायजेरियावर इंग्रजांचं राज्य होतं. अबेओकुटा शहरात राजवाड्यासमोर हजारो बायका ठाण मांडून बसल्या होत्या. भाजीवाल्या, तांदूळ विकणाऱ्या आणि शिकल्यासवरलेल्याही. त्यांच्या पुढारी होत्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी.

फुन्मिलायोंचा जन्म १९०० सालचा. अबेओकुटा ग्रामर स्कूल ही मुलांची शाळा. १९१४ साली तिथं शिकायला गेलेल्या पहिल्या मुलींमध्ये त्या होत्या. पुढं शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. १९२२ साली परतल्या त्या फ्रान्सिस हे इंग्रजी नाव टाकूनच. मग शिक्षिका झाल्या.

१९३२ साली त्यांनी लेडीज क्लब काढला. सुशिक्षित, ख्रिश्चन घरांतल्या बायकांचा. तिथं शिवणकाम आणि शिष्टाचाराचे धडे चालायचे. बाजारातल्या बायका या जगापासून लांबच होत्या.

१९४४ च्या सुमारास क्लबनं या बायकांसाठी साक्षरता वर्ग सुरू केले आणि चित्र पालटलं. अक्षरं गिरवता गिरवता त्या आपली दुखणी सांगू लागल्या. युद्धाच्या नावाखाली अधिकारी त्यांचा तांदूळ जप्त करत. बायकांवर वेगळा कर होता, तोही मुलांच्या आधी, वयाच्या १५ व्या वर्षापासून. मुलीचं वय ठरवायला तिचे कपडे उतरवले जात. एवढं करून कारभारात बायकांना एकही जागा नव्हती.

इंग्रज स्वतः मागं राहून स्थानिक राजाकरवी, म्हणजे अलाकेकरवी, राज्य करायचे. त्यामुळं बायकांचा राग दोघांवरही होता.

१९४६ साली क्लबचं नाव बदललं. लेडीज क्लबची झाली अबेओकुटा विमेन्स युनियन. आता दार सगळ्यांना उघडं होतं. फुन्मिलायोंनी इंग्रजी पोशाख सोडून योरुबा वस्त्रं नेसायला सुरुवात केली. इंग्रज अधिकाऱ्यांशीही त्या योरुबात बोलू लागल्या. आपल्या पुढारीणबाई काय बोलतायत, हे भाजीवालीलाही कळायला हवं ना!

त्यांनी स्वतः कर भरायला नकार दिला. मोर्च्यांना परवानगी मिळेना, तर बायका सहलीला निघालोय म्हणून एकत्र जमू लागल्या.

१९४८ साली बायकांवरचा कर स्थगित झाला. जानेवारी १९४९ मध्ये अलाके आदेमोला यांनी गादी सोडली. हंगामी कारभारी मंडळात चार बायकांना जागा मिळाली, त्यात एक फुन्मिलायो.

लढाई तिथंच संपली नाही. १९५० च्या अखेरीस अलाके परत गादीवर आले. पुढं स्वतंत्र नायजेरियात लष्करी राजवट आली. फुन्मिलायोंचा मुलगा म्हणजे लष्कराला गाण्यांतून झोडपणारा गायक फेला कुटी. १९७७ साली सैनिकांनी त्याच्या घरावर हल्ला केला आणि सत्तरी ओलांडलेल्या फुन्मिलायोंना खिडकीतून खाली फेकलं. त्यातून त्या सावरल्या नाहीत. एप्रिल १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

शिकलेल्या बायकांकडं अर्ज लिहायची भाषा होती आणि बाजारातल्या बायकांकडं अख्खा बाजार बंद पाडायची ताकद. फुन्मिलायोंनी या दोघींना एका रांगेत उभं केलं, तेव्हा कुठं राजवाडा हलला.