हिरासुका पाटालीर कोण होते? कचारगडची बंद गुहा आणि किंगरीचा सूर

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड समाजबांधव येथे जमतात. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि काली कंकाली यांच्याबरोबर यात्रेत एका वादकाचेही नाव आदराने घेतले जाते. ते म्हणजे हिरासुका पाटालीर. त्यांचे चरित्र गोंडी गाथांनी तोंडी जपले आहे, त्यामुळे त्यात सनावळी नाही.

परंपरेनुसार काली कंकालीची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर भलीमोठी शिळा लावण्यात आली. त्यांच्या सुटकेसाठी हिरासुका यांनी गुहेबाहेर किंगरी वाजवली. सूर ऐकून मुलांच्या अंगात बळ आले. सगळ्यांनी मिळून जोर लावला, शिळा कोसळली आणि तिच्याखाली सापडून हिरासुका यांचा मृत्यू झाला. सुटलेल्या मुलांना लिंगोंनी शिकवले आणि त्यातून गोंडांची गोत्रव्यवस्था उभी राहिली, अशी श्रद्धा आहे.

सूर आत पोहोचला कसा?

श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवून फक्त ध्वनीचा विचार करू. हवेतून आलेला आवाज जाड दगडावर आदळला की जवळपास सगळा परत फिरतो. आत जातो तो फटींतून. पण एकदा शिरला की कातळ तो फारसा शोषत नाही. आवाज भिंतींवरून पुन्हा पुन्हा उलटतो आणि एकच वाद्य चहूबाजूंनी वाजल्यासारखे वाटते. अशा जागी जलद ठोके एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात, लांब ओढलेले सूर मात्र घुमतात. किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य, म्हणजे गुहेसाठी ढोलापेक्षा सोयीचेच.

बाहेरच्या वादकाची स्थिती उलटी. कातळासमोर वाजवताना स्वतःचाच सूर कानावर परत येतो, आत काय चालले आहे ते कळत नाही. नाट्यगृहात रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसणाऱ्या वादकांनाही हेच भोगावे लागते. जवळच्या भिंतींमुळे आपले आणि शेजाऱ्याचे वाद्य कानावर आदळते, तर वरच्या गायकाचा आवाज डोक्यावरून प्रेक्षकांकडे निघून जातो. तिथे निदान संगीत संचालकाच्या हाताकडे बघता येते. कचारगडच्या कथेत असा इशारा देणारा कुणी नाही. शिळा सुटली ती थेट वादकाच्याच अंगावर.

गोंडांच्या गाथा तंतुवाद्यावर गाणारे पठाडी, म्हणजेच प्रधान, हिरासुका यांना आपले पूर्वसूरी मानतात.