सुमंत मुळगावकर

सुमंत मुळगावकर (इ.स. १९०६ - इ.स. १९८९) हे भारतीय अभियंते व उद्योग-प्रशासक होते. टेल्को (आजची टाटा मोटर्स) कंपनीच्या मालमोटार निर्मितीचे ते शिल्पकार मानले जातात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी सिमेंट उद्योगात काम केले. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले.

टेल्को तेव्हा जमशेदपूर येथे वाफेची रेल्वे इंजिने बांधत असे. १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार होऊन ट्रक बनू लागले. करार संपल्यावर स्वतःचा ट्रक स्वतः आखता येईल काय, हा खरा प्रश्न होता. १९६६ मध्ये पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात कारखान्याची उभारणी सुरू झाली, तेव्हा मुळगावकरांनी वाहनांआधी यंत्रे, साचे व कुशल कारागीर घडविण्यावर भर दिला. हा क्रम सावकाशीचा होता. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले.

खड्ड्यांच्या रस्त्यांवर जादा माल वाहणाऱ्या ट्रकचे पाटे, आस व सांगाडा यांवर मोठा ताण येतो. खडी-मुरूम ओतणाऱ्या टिपरचा हौदा उचलला की भार मागील आसाकडे सरकतो आणि जमीन उतरती असल्यास गाडी कलंडू शकते. अशा वापराला टिकणारी वाहने देशातच आखणे हे पुण्यातील अभियंत्यांचे काम झाले. जपानी सहकार्याने आलेल्या हलक्या ट्रकांच्या स्पर्धेत १९८६ चा टाटा ४०७ टिकला.

मुळगावकर ढाब्यांवर चालकांशी गाड्यांविषयी बोलत, अशी आख्यायिका आहे. टाटा सुमो हे नाव त्यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून पडले. समाजसेविका लीला मुळगावकर या त्यांच्या पत्नी होत.