डॉ. रखमाबाई : खटला आणि त्यानंतरची साठ वर्षे

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलांना आपल्या शहराशी जोडलेली दोन-तीन मराठी नावे सहज सांगता येतात. त्यात पहिले नाव अर्थातच शिवछत्रपतींचे असते. परंतु याच शहरात सुमारे बावीस वर्षे राहून, येथील सुइणींच्या हाती दगावणाऱ्या असंख्य स्त्रियांना ज्यांनी जीवदान दिले त्या डॉ. रखमाबाई राऊत यांचे नाव विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. ज्यांना ते ठाऊक असते त्यांनाही आठवतो तो एक जुना खटला; डॉक्टरीणबाई आठवत नाहीत. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, ही इच्छा पुष्कळ दिवसांपासून मनात होती.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई आणि वडिलांचे जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचा विवाह चौदाव्या वर्षी झाला, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. मुलगी तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. हे कुटुंब सुतार समाजातील. उच्चवर्णीयांत विधवेच्या पुनर्विवाहावर पोथ्या उघडून वादविवाद चालू असताना या समाजात तो रूढीनेच मान्य होता. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचा दुसरा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी झाला. विवाहापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. या मालमत्तेने पुढे बरेच काही घडवले, म्हणून ती येथेच ध्यानात ठेवावी.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. सुधारकी विचारांचे आणि ग्रंथांत रमणारे. तरीही रखमा अकरा वर्षांची होताच, १८७६ च्या सुमारास, तिचे लग्न लावून देण्यात आले. सुधारणेची मर्यादा पुष्कळदा स्वतःच्या घराच्या उंबरठ्याशी दिसते, ती अशी. वर दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुनांचा दूरचा नातलग, वय एकोणीस-वीस, घरची गरिबी. त्याने सासुरवाडीत घरजावई म्हणून राहावे आणि शिकून मार्गी लागावे, असे ठरले होते. रखमेची शाळा मात्र लग्नाबरोबर सुटली.

येथून दोन आयुष्यांच्या वाटा फुटल्या. दादाजीला शाळेची बाके कंटाळवाणी वाटली. तो मामाकडे, नारायण धुरमाजीकडे जाऊन राहिला. शिक्षण सुटले, प्रकृती बिघडली, कर्ज झाले. इकडे शाळा सुटलेली मुलगी घरी बसून मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचत इंग्रजी शिकली. वयात आल्यावर लगेच तिला नांदायला पाठवावे, या मागणीला सखाराम अर्जुनांनी वैद्य या नात्याने ठाम नकार दिला. कोवळ्या वयातील बाळंतपणे त्यांनी जवळून पाहिली होती, आणि त्यांच्याच घरात पंधराव्या वर्षी आई झालेली पत्नी होती. पुढे रखमाबाई प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. वर्षे जात राहिली, आणि आपल्याला या गृहस्थाबरोबर राहावयाचे नाही, हा निश्चय त्यांच्या मनात पक्का होत गेला.

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत पत्नीची मागणी केली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. आपल्या पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे, असा हुकूम त्याला हवा होता. त्या पत्नीच्या नावे असलेली मालमत्ता हा या ओढीचा एक भाग होता, असे त्या वेळीही उघड बोलले जात होते. खटला उभा राहत असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातील जाणता पुरुष गेला आणि लढा वीस वर्षांच्या मुलीवर, तिच्या विधवा आईवर आणि वृद्ध आजोबांवर येऊन पडला.

या लढ्याचे वैशिष्ट्य असे की, रखमाबाई न्यायालयाबाहेरही लढल्या. १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियामध्ये एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन लांबलचक पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्याचा विषय बालविवाह, दुसऱ्याचा सक्तीचे वैधव्य. एकाच वयात लग्न झालेल्या मुलाचे आणि मुलीचे पुढे काय होते, हे पहिल्या पत्रात मांडले होते. मुलाचे शिक्षण लग्नानंतरही चालू राहते, मुलीचे त्याच दिवशी थांबते. पुरुषाची पत्नी वारली तर तो दुसऱ्या महिन्यात मांडवात उभा राहू शकतो, आणि एक असताना दुसरी करायलाही त्याला आडकाठी नाही. स्त्रीचा नवरा वारला तर तिचे जगणेच संपल्यासारखे मानले जाते. लिहिणारी स्त्री कोण हे लवकरच सर्वांना कळले, आणि मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे दोन तटांत विभागली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, पती-पत्नी कधीच एकत्र नांदले नसताना नांदण्याचा हक्क परत मिळवून देण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय असा दावा हिंदू शास्त्रातला नसून तो इंग्रजी कायद्यातून येथे आला आहे. या दुसऱ्या मुद्द्याचा विपर्यास पुढे फार चमत्कारिक रीतीने झाला. परकी न्यायाधीश म्हणत होता की हे हत्यार आमच्या देशातले आहे, तुमचे नव्हे. आणि स्वधर्माचे अभिमानी म्हणत होते की ते आमचेच आहे, ते काढून घेऊ नका. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडने हे हत्यार नुकतेच बोथट केले होते. असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात घालण्याची तरतूद तेथे १८८४ सालच्या कायद्याने रद्द झाली होती. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी व्यवहार संहितेत ती कायम होती.

निकालावर पुण्यात आणि मुंबईत वादळ उठले. लोकमान्य टिळकांसारख्या समर्थ लेखणीने दादाजीची बाजू उचलली. इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात आणि हिंदू कुटुंबसंस्था धोक्यात येते, असा त्या बाजूचा सूर होता. टिळकांविषयी मनात अतिशय आदर असणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना संकोच होतो, पण ते वगळून हे चरित्र लिहिता येणार नाही. त्यांचेच सहकारी आगरकर यांचा कौल उलट होता. बेहरामजी मलबारी यांनी रखमाबाईंच्या बाजूने रान उठवले, त्यांच्या बचावासाठी समिती स्थापन झाली आणि न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची हकिकत दिली.

या सर्व चर्चेत एक गोष्ट फारशी कोणाला खटकली नाही. शिक्षण अर्धवट सोडल्याबद्दल, ठरलेला करार मोडल्याबद्दल किंवा मिळवते न झाल्याबद्दल दादाजीला कोणी जाब विचारला नाही. तपासणी चालली ती रखमाबाईंची: त्या काय वाचतात, कोणाच्या सभेस जातात, कोणाशी बोलतात. दादाजीच्या बाजूने एक पुस्तिका प्रसिद्ध झाली, तीत त्यांच्यावर आणि त्यांच्या आईवर शिंतोडे उडवले होते. रखमाबाईंनी त्या पुस्तिकेला मुद्देसूद छापील उत्तर दिले.

अपिलात मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ साली पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला : रखमाबाईंनी एका महिन्यात पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा. दोनपैकी एक निवडायचे झाल्यास आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी कळवले.

या तारखेला एक दुःखद शेजार आहे. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी केवळ सहा दिवसांपूर्वी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने वारल्या होत्या. एकीचा पती तिने शिकावे म्हणून हट्टाला पेटलेला, दुसरीचा पती तिने नांदायला यावे म्हणून न्यायालयात गेलेला. हट्ट कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार मात्र दोन्हीकडे पतीचाच होता. आनंदीबाईंना रुग्ण तपासण्याची संधी मिळालीच नाही. ते काम पुढे रखमाबाईंच्या वाट्याला आले.

तुरुंगाची वेळ आली नाही. वरच्या न्यायालयात जाण्याच्या हालचाली चालू असताना जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्याने हुकुमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढून हा विवाह रद्द केला, अशी कथा आजही ठिकठिकाणी छापली जाते. ती ऐकायला छान वाटते, पण प्रकरण मिटले ते पैसे मोजून. विवाह मोडला नाही, कारण हिंदू स्त्रीला तो मोडण्याची सोयच नव्हती. पुढच्याच वर्षी दादाजीने दुसरे लग्न केले. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागली नाही, धर्म बुडाल्याची हाकाटी झाली नाही, अग्रलेख आले नाहीत. रखमाबाई कायद्याच्या दृष्टीने त्याची पत्नीच राहिल्या आणि तो जिवंत असेपर्यंत पुन्हा विवाह करण्याचा मार्ग त्यांना बंद झाला.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले, निधी जमवला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिल्याची नोंद आहे. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे वॉल्टर आणि इव्हा मॅक्लारेन या दांपत्याचा त्यांना आधार मिळाला. स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या, स्कॉटलंडमध्ये परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि ब्रुसेल्सहून एम. डी. झाल्या. १८९४ साली हे सारे पूर्ण झाले, तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या.

परत आल्यावर अल्पकाळ मुंबईत काम करून त्या सुरतेस आल्या. त्या काळी येथील घरंदाज स्त्री पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नसे. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती होई. रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, असा समज होता. पडद्याआड राहण्याची सक्ती स्त्रीवर, आणि पडद्यामुळे येणारे मरणही तिच्याच वाट्याला, हे या डॉक्टरीणबाईंना रोज पाहावे लागे. त्यांनी घरोघर जाऊन स्त्रियांना रुग्णालयाची सवय लावली. प्लेगच्या साथीत ज्यांना शक्य होते ते शहर सोडून जात असताना त्या येथेच राहून काम करीत होत्या. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि सुमारे बारा वर्षे तेथे होत्या. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडद्याची चाल बंद करावी असे सांगणारी पुस्तिका लिहिली. चाळीस वर्षांच्या मौनानंतर त्यांनी पुन्हा जाहीर लेखन केले, ते स्वतःच्या प्रकरणाविषयी नव्हते. त्या खटल्यासंबंधी त्या पुढे बोलत नसत.

याला एकच अपवाद आहे, आणि तोही शब्दांचा नाही. १९०४ साली दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र धारण केले. त्यांच्या चरित्रातील हे पान मला आजही नीट उलगडत नाही. ज्याच्या घरात पाऊल ठेवण्यापेक्षा तुरुंग बरा, असे ज्यांनी न्यायालयास कळवले, त्यांनी त्याच्यासाठी वैधव्य का पाळावे? परक्या शहरात, शंभर घरांत बाळंतपणाला जाणाऱ्या एकट्या स्त्रीला समाजाच्या दृष्टीने काही एक ओळख लागते, म्हणून असेल. किंवा कायद्याने जोडलेले ते नाते संपले, हे जगाला दाखवण्याची ती एकच रीत उपलब्ध होती, म्हणूनही असेल. दादाजीच्या बाजूला हा प्रश्नच कधी उद्भवला नव्हता.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेली चर्चा त्यामागे होती. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली रद्द झाली. तेव्हा त्या राजकोटला रुग्ण तपासत होत्या. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अंमलात आला. पुरुषाला एक पत्नी असताना दुसरी करण्यास त्याने मनाई केली आणि स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग दिला. मुंबईत राहणाऱ्या रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले. ज्या दाव्याने त्यांची उमेदीची चार वर्षे खाल्ली, तो दावा त्या नव्या कायद्याच्या नवव्या कलमात ठेवलेला होता. आता तो पत्नीलाही लावता येतो.