ठिणगीचे कारागीर रॉबर्ट बॉश

मोटार पेट्रोलवर धावते हे आपण जाणतोच. परंतु ते पेटविणारी ठिणगी नेमक्या क्षणी पडली नाही, तर इंजिन चालत नाही. या ठिणगीसाठी झटलेले रॉबर्ट बॉश १८६१ साली जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावी जन्मले. बारा भावंडांत ते अकरावे. उमेदवारीत त्यांना नीट शिकविणारे कोणी भेटले नाही. पुढे अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात काम करून १८८६ साली त्यांनी स्टुटगार्टला लहानसे वर्कशॉप काढले.

पुढल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मागितला. तसा मॅग्नेटो डॉइट्झ कारखान्याच्या इंजिनावर होता. बॉश यांनी त्याचे पेटंट आहे काय, हे आधी त्या कारखान्याला विचारले. (पालकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.) उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी स्वतः मॅग्नेटो बनविला व त्यात नालाच्या आकाराचे चुंबक बसवून सुधारणाही केली.

खरी कसोटी १८९७ साली लागली. द दिओं कंपनीच्या तीनचाकीचे इंजिन मिनिटाला हजारावर फेरे घेई. मॅग्नेटोचे जड आर्मेचर तेवढ्या वेगाने हलेना. त्यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी आर्मेचर स्थिर ठेवले व त्याभोवती धातूचे हलके नळकांडे हलते केले. अडचण सुटली! १९०२ साली गॉटलोब होनोल्ड यांचा उच्च दाबाचा मॅग्नेटो स्पार्क प्लगसह आला. सिलिंडरमधील हलत्या दांड्यांची कटकट त्यामुळे संपली.

१९०६ साली बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. १९१३ साली उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण विभाग काढला. १९४२ साली स्टुटगार्टला त्यांचे निधन झाले.