निर्वासितांच्या कमलादेवी

राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे मी एका वस्तीत जुने कपडे वाटायला गेलो. एका आजींनी कपडे परत केले व काम मागितले. मी खजील झालो. तेव्हा कमलादेवी चट्टोपाध्याय आठवल्या. १९०३ साली मंगळूरला जन्म, बालवैधव्य, १९३० मध्ये मुंबईत मिठाचा सत्याग्रह! फाळणीनंतर, १९४८ मध्ये, निर्वासितांसाठी त्यांनी भारतीय सहकारी संघ उभारला. सरहद्द प्रांतातून आलेल्यांनी दिल्लीजवळ फरिदाबादेत स्वतःच्या हातांनी घरे बांधली; तेथे सहकारी संस्था उभारण्यास संघाने हातभार लावला. निर्वासिताला दया नको, काम हवे, हे बाईंनी ओळखले होते. १९८८ मध्ये त्या निवर्तल्या. यंदा आम्ही आजींकडे कापड नेले आणि आधी शिलाई ठरवली.