‘रावरंभा’ आडनाव की किताब? माढ्याच्या निंबाळकरांचे नाव आले कुठून?

रेल्वे जंक्शन कुर्डुवाडीत असले, तरी तालुका माढाच. तिथला किल्ला आणि माढेश्वरीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांनी बांधल्याचे सगळेच सांगतात. पण ‘रावरंभा’ हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हते. (२०२३ मधल्या ‘रावरंभा’ चित्रपटाचा काळही वेगळा, शिवकाळातला.)

मूळ नाव रंभाजी. घराणे मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झाले. शिवरायांच्या पत्नी सईबाई याच कुळातल्या. त्यामुळे रंभाजींचा पुढचा निर्णय अनेकांना आजही खटकतो.

नेमके काय घडले?

शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या गृहकलहात काही सरदार नाराज झाले. १७१३ च्या सुमारास चंद्रसेन जाधव दख्खनचा सुभेदार निजाम-उल-मुल्क याला मिळाले. रंभाजीही त्याच बाजूला गेले. मराठ्यांविरुद्ध गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना ‘रावरंभा’ हा किताब मिळाला, आणि तोच पुढे घराण्याची ओळख झाला.

पुणे प्रांतातही त्यांची जहागीर होती. निजामाचा सरदार थेट पुण्यात, हे साताऱ्याला परवडणारे नव्हते. अखेर पुण्याच्या बदल्यात त्यांना करमाळ्याकडचा मुलूख मिळाला. आपल्या भागाशी त्यांचे नाते जुळले ते या अदलाबदलीतून! करमाळ्याच्या कमलाभवानीला तुळजाभवानीचे दुसरे ठाणे मानतात. तिथली ९६ पायऱ्यांची विहीर बघण्यासारखी आहे.

मग घराण्याचे चिन्ह कोणते?

ऑनलाइन फिरणाऱ्या ढाली आणि सिंहांच्या ‘राजचिन्हां’वर लगेच विश्वास ठेवू नका. ती पद्धत युरोपातली. इथल्या अनेक संस्थानांना तशी चिन्हे १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने मिळाली. रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ती रेखाटली होती. रंभाजींचा काळ त्याच्या दीडशे वर्षे आधीचा.

मराठा घराण्याची खूण म्हणजे कुलदैवत, शिक्का आणि देवक. पवार कुळाचे देवक तलवारीची धार असे सांगतात. देवक नुसते शोभेचे नसते, लग्न जुळवताना ते बघितले जाते. आडनावे वेगळी असूनही देवक एक निघाले, तर जुनी माणसे सोयरीक करत नाहीत. निंबाळकर आणि पवार स्थळांत हा प्रश्न हमखास निघतो.

रंभाजींनी सुरू केलेला करमाळ्याचा किल्ला मुलगा जानोजीराव यांनी पूर्ण केला. तेही निजामाच्याच चाकरीत राहिले.