संवाद न लिहिणारा नाटककार

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. कॉलेजात तो कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्या सुमाराला एकतर दिवाळीची सुट्टी असते नाहीतर सबमिशनची पळापळ. आम्ही सांगलीकडच्या मुली मात्र शाळेपासून ही तारीख ऐकत आलोय. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, एवढं लिहिलं की दोन मार्क पक्के. त्या दोन मार्कांच्या पलीकडचे विष्णुदास मला कळले ते कोल्हापुरात हॉस्टेलवर आल्यावर, आणि तेही एका भलत्याच कारणाने.

ते कारण म्हणजे आमचा खेळ. पत्ते-कॅरमपेक्षा हा वेगळा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव काहींनी ऐकलं असेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो काढला. खेळणाऱ्यांपैकी एकजण मास्टर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे, आता तू काय करतोस, असं मास्टर विचारतो. तुम्ही आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. संवाद आधी लिहिलेले नसतात, गोष्ट कुठे जाणार ते मास्टरलाही पुरतं माहीत नसतं. आमच्या लेडीज हॉस्टेलवर शनिवारी मेस झाल्यावर आम्ही सहाजणी बसतो. पाच खेळतात, मास्टर मी. आम्ही दरी-राक्षसाऐवजी पन्हाळ्याचा अंधारबाव आणि विशाळगडची वाट वापरतो, एवढाच फरक.

आता दुखणं सांगते. एकीची पाळी चालू असली की उरलेल्या चौघींचे हात मोबाईलवर. पाळी आली की मान वर करून विचारणार, काय झालं गं? मग मी सगळं पुन्हा सांगायचं. दोनदा सांगितलेली गोष्ट म्हणजे दुपारचा चहा रात्री गरम करून पिण्यासारखी. सगळे मोबाईल एका बादलीत गोळा करण्याचा नियम काढून झाला. तेव्हा हात मोकळे झाले, पण जांभया सुरू झाल्या. खेळ बंद पडायच्या बेताला आला होता, आणि हॉस्टेलवर बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू होत नाही हे तुम्हाला माहीत आहेच.

त्याच सुट्टीत घरी भाव्यांवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं, आणि वाचता वाचता मी उठून बसले. हा माणूस पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगलीत जवळजवळ हाच खेळ लोकांसमोर रात्ररात्र करत होता!

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमाराचा. वडील सांगली संस्थानच्या चाकरीत. मुलाचं अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं. गोष्टी रचायच्या, रंगवून सांगायच्या आणि हाताने मूर्ती-बाहुल्या करायच्या, हा त्याचा नाद. (आपल्याकडे असता तर वर्कशॉपला पहिला आणि एम-थ्रीला एटीकेटी.) संस्थानचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन कलेचे शौकीन होते. १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीत आला आणि त्याने राजेसाहेबांपुढे पौराणिक आख्यानांचे खेळ केले. खेळ राजेसाहेबांना आवडले, पण त्यातलं बरंच त्यांना ओबडधोबडही वाटलं. असंच काही, पण नीटनेटकं, आपल्या मराठीत व्हावं असं त्यांच्या मनात आलं. ते काम त्यांनी या विशी ओलांडलेल्या पोराला सांगितलं.

हे काम किती अवघड होतं ते बघा. मराठीत तमाशा होता, लळित होतं, कोकणात दशावतार होता. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकात मराठीत नाटकंही लिहिली होती, त्यामुळे ‘पहिलं नाटक’ म्हटलं की अभ्यासक अजूनही वाद घालतात. पण नाटक कंपनी नावाचा प्रकार इकडे कुणी पाहिलेला नव्हता. नाटक कसं बसवायचं हे विचारायला माणूस नव्हता. भाव्यांनी एका वर्षात पदं रचली, माणसं गोळा केली, तालमी घेतल्या आणि ‘सीतास्वयंवर’ उभं केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. भाव्यांनी लिहिली ती फक्त पदं. गद्य संवाद कागदावर नव्हतेच! सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावर असायचा, मागे साथीदार. तो पद म्हणायचा. त्या पदात प्रसंग असायचा: कोण आलं, कशासाठी आलं, मनात काय आहे. पद चालू असताना नटाने त्याप्रमाणे हावभाव करायचे आणि पद संपलं की त्याच आशयाचं भाषण आपल्या शब्दांत करायचं. तालमीत प्रसंग समजावलेला असायचा, बोलण्याचा रोखही ठरलेला असायचा. पण शब्द ज्याचे त्याने आणायचे.

मला यात जे दिसलं ते असं. सूत्रधाराचं पद चालू असताना ज्या नटाचं लक्ष उडालं, त्याच्याकडे पुढे बोलायला काहीच उरत नसे. आड उभं राहून ओळ पुरवणारा कुणी असून उपयोग नाही, कारण ओळच नाही. त्याचं भाषण त्याला नुकत्याच कानावर पडलेल्या पदातून काढायचं होतं. म्हणजे ऐकणं ही शिस्तीची बाब राहिली नाही, ती गरज झाली. मी मोबाईल काढून घेत होते आणि ऐकण्याची गरज मात्र कुणालाच पडू देत नव्हते, इतका साधा हिशोब. माझ्या गोष्टीत एकीच्या पाळीतलं काहीच दुसरीच्या पाळीला लागत नव्हतं. मग तिने ऐकावं तरी कशाला?

नाटकाची सुरुवातही मला फार हुशारीची वाटते. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण. मग विदूषक नाचत यायचा. त्याची आणि सूत्रधाराची जुगलबंदी व्हायची, थट्टा चालायची, आणि प्रेक्षक हसून सावरून बसायचे. मग गणपती, त्याची स्तुती, विघ्न दूर करण्याचा आशीर्वाद. मग मोरावर बसून नाचत सरस्वती. मूळ आख्यान त्यानंतर. आजच्या घाईत हे सगळं लांबण वाटेल. पण रात्रभर चालणाऱ्या खेळाला माणसाचं मन एका झटक्यात बसत नाही, त्याला रुळायला वेळ लागतो, हे त्यात ओळखलेलं आहे. आमच्याकडे मेसमधून आलेली मुलगी अजून भाजीला नावं ठेवत असते आणि मी तिला थेट विशाळगडच्या वाटेवर नेऊन सोडते. कशी पोहोचणार ती?

विदूषकाचं काम तर नीट बघण्यासारखं आहे. त्याला कुठेही तोंड घालायची मुभा. सूत्रधार एकटाच बोलत राहिला तर कीर्तन होईल, विदूषक मधे बोलतो म्हणून खेळ जागा राहतो. हे वाचल्यावर मी एक बदल केला. ज्या मुलीचं पात्र त्या प्रसंगात नाही, तिला मी वाटेतला धनगर, किल्ल्याचा पहारेकरी, चावडीवरची म्हातारी अशी फुटकळ पात्रं देऊ लागले. मोबाईल बघायला तिला उसंतच राहिली नाही. सिव्हिलची एकजण तर स्वतःच्या पात्रापेक्षा म्हातारीच जास्त रंगवते आणि बाकीच्या तिची वाट बघतात.

भाव्यांच्या धाटणीच्या नाटकांना पुढे लोक ‘अलल्डुर्र’ आणि ‘तागडथोम’ म्हणून चिडवू लागले. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, मशालींवर राळ उडायची, भपकन जाळ व्हायचा, तलवारी खणखणायच्या. शिकलेल्या मंडळींना हे बालिश वाटलं. मला तितकंसं नाही वाटत. वीज नाही, माईक नाही, पहाटेचे तीन वाजलेत आणि समोरच्या माणसाला डुलकी लागली आहे. अशा वेळी राळेचा जाळ हे उत्तम इंजिनिअरिंग आहे. मात्र त्यातली मर्यादाही मान्य केली पाहिजे. जाळाने माणूस दचकून जागा होतो, पण गोष्टीत परत येतोच असं नाही. मी खेळात मधूनच टेबलावर हात आपटून बघितला आहे. दोन मिनिटं पुरतं.

स्त्रियांची कामं अर्थात मुलगेच करायचे. आमच्या हॉस्टेलवर पाच मुली मावळे होतात, तेव्हा हा हिशोब कुठेतरी फिटतो असं मला उगाच वाटतं.

१८५१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. इथे या माणसाची खरी परीक्षा झाली. राजवाड्यातला प्रेक्षक राजासमोर बसलेला असतो, तो उठून जात नाही. आता पोट भरायचं तर तिकीट काढून येणाऱ्या अनोळखी लोकांपुढे उभं राहायचं होतं, आणि ते केव्हाही उठून जाऊ शकत होते. भावे मंडळी घेऊन फिरतीवर निघाले. १८५३ मध्ये ते मुंबईत पोहोचले. त्याच वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. सांगलीपर्यंत रूळ यायला अजून पुष्कळ अवकाश होता. तेव्हा वेश, मुकुट, वाद्यं आणि माणसं घेऊन हा प्रवास कसा झाला असेल याची कल्पना करा. आम्हाला गॅदरिंगचा सेट ऑडिटोरियमपर्यंत न्यायला टेम्पो लागतो.

मुंबईत ग्रँट रोडला नाना शंकरशेट यांच्या जागेवर नाटकगृह उभं होतं, तिथे त्यांचे खेळ झाले. तिथला प्रेक्षक मराठी, गुजराती, पारशी, इंग्रज असा मिसळ. भाव्यांनी गोपीचंदाचं आख्यान हिंदीतही करून दाखवलं. संवाद लिहिलेले नसण्याचा हा आणखी एक फायदा असावा, असा माझा आपला अंदाज. सांगलीच्या दरबारात जे बोलायचं तेच मुंबईच्या पेठेत चालत नाही. समोर माणसं कोण बसली आहेत ते बघून बोलणं वळवता येत होतं.

यश दिसल्यावर नक्कल होणारच. आपल्या भागात तर नाटक मंडळ्यांचं पीकच आलं. इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर, सांगलीकर अशी गावांच्या नावांची फळी. हातकणंगल्याजवळचं आळतं आपण बसच्या खिडकीतून बघतो, त्या गावाच्या नावाची नाटक कंपनी होती हे मला आधी माहीत नव्हतं. या मंडळ्यांनी भाव्यांचीच पद्धत उचलली. पण तेच आख्यान शंभरदा केलं की उत्स्फूर्त भाषणही पाठ होऊन जातं. मग पद काय म्हणतंय ते न ऐकताही बोलता येतं, आणि ऐकण्याची गरज संपली की लक्ष जातंच. माझ्या मते या पद्धतीची झीज इथून सुरू झाली. लोक सांगतात ते कारणही खरंच आहे: विद्यापीठं निघाली, शिकलेले लोक नाटकं लिहू लागले. वि. ज. कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मधलं. अशा लिहिलेल्या नाटकांना तेव्हा ‘बुकिश’ म्हणायचे. मग १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि सूत्रधार नांदीपुरता उरला.

भावे स्वतः तोवर धंद्यातून बाहेर पडले होते. त्यांनी रचलेली आख्यानं पन्नासच्या वर भरतात, रामायण-महाभारतातली बहुतेक. १८८५ मध्ये त्यांची पदं ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली. छापण्यासारखं तेवढंच होतं. नटांची भाषणं कुणी टिपून ठेवली नव्हती, त्यामुळे त्या रात्री रावण काय बोलला आणि जनक काय बोलला हे कुणालाही सांगता येणार नाही. आमच्या खेळाचंही तसंच आहे. मागच्या शनिवारी म्हातारीने पहारेकऱ्याला जे सुनावलं ते आता कुणाला जसंच्या तसं आठवत नाही, फक्त हसून पोट दुखलं होतं एवढं आठवतं.

बाहुल्यांचा नाद मात्र त्यांचा सुटला नाही. त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्या केल्या होत्या. त्यातल्या पुष्कळशा टिकल्या, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवून दाखवल्या. मी त्यांची छायाचित्रं पाहिली आहेत. नटांचा ताफा सांभाळून दमलेल्या सूत्रधाराला बाहुल्या किती बऱ्या वाटत असतील! त्या रुसत नाहीत, पगार मागत नाहीत, कधी इकडेतिकडे बघत नाहीत. पण त्या स्वतःचं एक वाक्यही बोलत नाहीत. खेळात एखादी मुलगी मी ठरवलेल्या वाटेने न जाता भलतीकडेच निघते, तेव्हा मी चिडायच्या आत मला त्या बाहुल्या आठवतात, आणि मी तिला जाऊ देते.

९ ऑगस्ट १९०१ ला विष्णुदास वारले. त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर सांगलीत आहे आणि त्यांच्या नावाचं गौरवपदक दरवर्षी ५ नोव्हेंबरला तिथे रंगकर्मीला दिलं जातं. १९४३ मध्ये रंगभूमीची शंभर वर्षं झाली तेव्हाचं नाट्यसंमेलनही सांगलीतच भरलं होतं. कोल्हापूरहून सांगली पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. सुट्टीला घरी जाताना सांगली स्टँडवर गाडी बदलणाऱ्या मुली आपल्या हॉस्टेलवर पुष्कळ आहेत. पुढची गाडी लागायला तासभर असेल तर नाट्यमंदिर बाहेरून तरी बघून या.